सेलबोर्नच्या बागेतला पारा

डिसेंबर १७८४. इंग्लंडच्या दक्षिणेला हॅम्पशरमधल्या सेलबोर्न या खेड्यात ७ आणि ८ तारखेला इतका बर्फ पडला, की खोलगट वाटा काठोकाठ भरून गेल्या. त्याआधीच बॅरोमीटर २८.५ इंचांपर्यंत खाली आला होता. ९ तारखेच्या संध्याकाळी हवा एकदम बोचरी झाली. पारा कसा आणि किती उतरतो हे बघावं म्हणून गावचे धर्मोपदेशक गिल्बर्ट व्हाइट यांनी घराबाहेर दोन थर्मामीटर टांगले. एक मार्टिन या कारागिराचा, दुसरा डॉलंडचा. रात्री दहाला पारा २१ अंश फॅरनहाइटवर होता आणि अकराला ४ वर. म्हणजे तासाभरात तो उणे ६ सेल्सियसवरून उणे १५ च्याही खाली गेला होता.

सकाळी डॉलंडच्या नळीतला पारा शून्य फॅरनहाइटच्याही अर्धा अंश खाली होता. मार्टिनच्या थर्मामीटरवर ४ अंशांच्या खाली खुणाच नव्हत्या. पारा पितळी आवरणात दडून बसला आणि ऐन मोक्याच्या वेळी ते यंत्र निकामी ठरलं.

व्हाइट यांच्या घरापेक्षा दोनशे फुटांहून अधिक उंचावर, टेकडीच्या माथ्यालगत न्यूटन नावाचं दुसरं खेडं आहे. खाली एवढा गारठा, तर वर काय असेल? त्यांनी १० तारखेला सकाळीच तिथल्या परिचिताला चिठ्ठी पाठवली आणि त्याचा थर्मामीटर बाहेर टांगून सकाळ-संध्याकाळ बघायला सांगितलं. त्या रात्री अकराला वारा अगदी पडलेला होता. खाली पारा शून्याखाली एक अंशावर होता आणि वर न्यूटनला तो होता १७ वर. दुसऱ्या सकाळी खाली १०, तर वर २२. उंचावर थंडी जास्त, ही सगळ्यांची समजूत. इथे नेमकं उलटं झालं होतं.

वरचं यंत्रच सदोष असणार, असं वाटून व्हाइट यांनी आपला एक थर्मामीटर टेकडीवर पाठवला. दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी ठेवली, तर आकडे तंतोतंत जुळले! खालची बाग वरच्यापेक्षा एका रात्री १८ अंश फॅरनहाइट, म्हणजे १० सेल्सियस अधिक गार होती. पुढे पुरावा झाडांनीही दिला. व्हाइट यांच्या बागेतले बे, सायप्रस, सदाहरित ओक आणि जिवापाड जपलेलं लॉरेलचं कुंपण आगीने होरपळावं तसं करपलं. न्यूटनच्या त्याच जातीच्या झाडांचं एक पानही गळलं नाही. व्हाइट यांनी हे सगळं जसं घडलं तसं लिहून ठेवलं. कारण त्यांना सांगता आलं नाही. ते उमगायला आणखी तीस वर्षं जावी लागली, आणि तेही एका बागेतच उमगलं.

गिल्बर्ट व्हाइट यांचा जन्म १७२० चा, सेलबोर्नचाच. ऑक्सफर्डला शिकले, तिथल्या ओरिएल कॉलेजचे फेलो झाले आणि गावी परतून ‘द वेक्स’ नावाच्या घरात राहिले. लग्न केलं नाही, मोठी पदं मागितली नाहीत. घरामागे बाग, बागेपलीकडे कुरण आणि कुरणाला लागून बीच वृक्षांनी भरलेला उभा चढ, तोच ‘हँगर’. १७५१ च्या जानेवारीत त्यांनी बागेची वही घातली. सुरुवातीला त्यात माळ्याचा हिशेब असे: कोणत्या वाफ्यात काय पेरलं, काकडी आणि खरबुजासाठी शेणखताचे ऊबदार वाफे कधी रचले, गारठ्याने काय गेलं.

डेन्स बॅरिंग्टन हे न्यायाधीश आणि निसर्गाचे हौशी अभ्यासक. त्यांनी रकाने आखलेली ‘नॅचरलिस्ट्स जर्नल’ ही कोरी वही १७६७ मध्ये छापून घेतली. पान आठवड्याचं, त्यात थर्मामीटर, बॅरोमीटर, वारा, पाऊस-बर्फ, कोणत्या झाडाला पहिलं पान फुटलं, कोणतं फूल उमललं, कोणता पक्षी आला किंवा गेला, यांचे रकाने आणि शेवटी इतर गोष्टींसाठी जागा. व्हाइट यांनी ती १७६८ पासून भरायला घेतली आणि जून १७९३ मध्ये, मृत्यूच्या काही दिवस आधीपर्यंत, सोडली नाही. या वह्या आणि मित्रांना लिहिलेली पत्रं यांतूनच १७८८ च्या अखेरीस ‘नॅचरल हिस्टरी ऑफ सेलबोर्न’ हे त्यांचं पुस्तक निघालं.

हा छंद त्यांच्या एकट्याचा नव्हता. त्यांचे मेहुणे थॉमस बार्कर रटलँडमधल्या लिंडन गावी १७३६ पासून हवामान टिपत होते. बार्कर यांनी धूमकेतूंवर पुस्तक लिहिलं होतं आणि ते लहानपणापासून शाकाहारी होते, जे त्या काळच्या इंग्लंडमध्ये नवलाचंच. नॉरफकमध्ये रॉबर्ट मार्शम यांनीही १७३६ पासूनच वसंताच्या चाहुलीची नोंद ठेवली: पहिलं स्नोड्रॉप कधी उमललं, पहिली पाकोळी कधी दिसली. त्यांच्या घराण्याने ती नोंद १९५८ पर्यंत चालवली. पुढे गॉर्डन मॅनली या हवामानतज्ज्ञाने मध्य इंग्लंडच्या तापमानाची १६५९ पासूनची मालिका सांधली. तिच्या जुन्या भागाचा आधार म्हणजे अशाच खासगी वह्या. सरकारी वेधशाळांचं जाळं तेव्हा नव्हतंच. हवामानबदलाच्या आजच्या चर्चेत अडीचशे वर्षांमागचा जो आकडा विश्वासाने पुढे ठेवला जातो, तो घरच्या अंगणात कुडकुडत उभं राहून कुणीतरी वाचलेला असतो.

हिवाळ्यात बागेत लिहिण्यासारखं काय असतं, असं वाटू शकतं. व्हाइट यांची जानेवारी १७७६ ची हकीकत वाचली की ही शंका उरत नाही. त्या महिन्यात बर्फाने वाटा कुंपणांच्या माथ्यापर्यंत भरल्या, कोंबड्या खुराड्याबाहेर पडेनात. ३१ तारखेला सूर्योदयाच्या जरा आधी झाडांवर आणि थर्मामीटरच्या नळीवरही हिमाचा थर चढलेला असताना पारा बरोबर शून्य फॅरनहाइटवर होता. अकरा वाजेपर्यंत तो सावलीतसुद्धा साडेसोळावर चढला. या थंडीत सदाहरित झाडांच्या फांद्यांवरचा बर्फ दररोज झाडून टाकला जाई. बर्फ वितळल्यावर दिसलं, की लॉरेलची पानं करपली ती फक्त दक्षिणेच्या, उन्हाच्या अंगाला. त्याच झाडाची उत्तरेची बाजू धडधाकट होती. एका शेजाऱ्याचं उंचावरचं, उत्तराभिमुख कुंपणही हिरवंगार राहिलं. उन्हाने दिवसा वितळायचं आणि रात्री पुन्हा गोठायचं, ही ओढाताण झाडाला नुसत्या थंडीपेक्षा जड जाते, हा धडा त्यांना बागेने दिला. न्यूटनच्या कोड्याचा अर्धा धागाही इथे दिसतो: उंचावरचं कुंपण १७७६ मध्येही वाचलं होतं.

पक्ष्यांचे मात्र हाल झाले. थ्रश आणि ब्लॅकबर्ड हे कस्तुर कुळातले पक्षी बहुतेक मेले. थंडी आणि चोरटे शिकारी यांच्या तावडीतून सुटलेले तित्तिर इतके थोडे होते, की पुढच्या विणीला जोड्या सापडेनात. त्याआधीच्या एका कडक हिवाळ्यात व्हाइट यांनी आपल्याकडच्या वल्गुलीचा जवळचा भाईबंद असलेला ग्रेट टिट हा चिमुकला पक्षी निरखला होता. गवताने शाकारलेल्या छपराच्या वळचणीतून तो एकेक काडी लांबीच्या बाजूने ओढून काढत होता. काड्यांच्या मधे दडलेल्या माश्या हे त्याचं हिवाळ्यातलं अन्न. वळचणीकडे असं टक लावून बघणारा माणूसच पुढे थर्मामीटर टेकडीवर पाठवतो, असं म्हणावंसं वाटतं.

आणि टिमथी. हे कासव आधी रिंगमर गावी त्यांच्या आत्याकडे होतं. आत्या वारल्यावर मार्च १७८० मध्ये व्हाइट यांनी त्याला हिवाळी झोपेतून, मातीतून उकरून काढलं आणि घोडागाडीतून ऐंशी मैलांवर सेलबोर्नला आणलं. दरवर्षी नोव्हेंबरच्या सुमारास टिमथी बागेत माती उकरू लागे आणि हळूहळू जमिनीआड होई. ते नेमकं कधी बुडालं आणि वसंतात कधी डोकं वर काढलं, हे वहीत येई. कासव मादी होती, हे व्हाइट यांच्या हयातीत कुणाला कळलं नाही. तिचं कवच आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

याच वहीत आकाशही आहे. ८ फेब्रुवारी १७८२ च्या नोंदीत व्हाइट सांगतात, की शुक्राच्या उजेडाने खिडकीच्या गजांच्या सावल्या घरातल्या जमिनीवर आणि भिंतींवर स्पष्ट उमटल्या आहेत. या नोंदीची आज गणिताने पडताळणी करता येते. शुक्र त्या वर्षी मार्चमध्ये सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधे येणार होता, आणि अशा युतीच्या साधारण पाच आठवडे आधी शुक्राची चांदणी सर्वांत तेजस्वी असते. म्हणजे व्हाइट यांची तारीख अचूक बसते. रस्त्यावर दिवे नाहीत, घरात मेणबत्ती, बाहेर हिवाळ्याचा लख्ख काळोख. तेव्हाच एका ग्रहाची सावली भिंतीवर वाचता येते.

सूर्यासाठी त्यांची एक सूचना होती. बाग असलेल्या गृहस्थाने बागेच्या कडेला दोन खांब उभारावेत, एक हिवाळ्याचा आणि एक उन्हाळ्याचा. हिवाळ्याचा खांब बैठकीच्या खिडकीतून दिसेल असा असावा, कारण त्या दिवसांत माणसं सांजेला घरातच असतात. वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी मावळतं बिंब खांबाला जेमतेम चुकवून खाली जाईल, अशी त्याची जागा साधायची. मग निरभ्र संध्याकाळी बिंब रोज थोडं थोडं पुढे सरकताना दिसेल. उत्तरायण लागल्याचं पंचांगात वाचणं वेगळं आणि आपल्या खिडकीतून खांबाच्या कडेला बघणं वेगळं. खर्च एका खांबाचा. आजही कुणी करून बघावं असा हा प्रयोग आहे.

त्याच वर्षांत बागेतून आकाश बघणारं आणखी एक घर इंग्लंडमध्ये होतं. विल्यम हर्षल हे बाथ शहरातले संगीतकार. १३ मार्च १७८१ च्या रात्री न्यू किंग स्ट्रीटवरच्या घरामागच्या बागेत, स्वतः घासलेल्या आरशाच्या दुर्बिणीतून त्यांना एक नवखी ज्योत दिसली. तोच युरेनस, आपल्या पंचांगांतला हर्षल. पुढच्याच वर्षी ते बहीण कॅरोलिनसह विंडसरजवळच्या डॅचेटला गेले. तिथे ३१ डिसेंबर १७८३ ला आभाळ भरलेलं होतं आणि जमिनीवर फूटभर बर्फ होता. रात्री दहाच्या सुमारास थोडे तारे दिसू लागताच विल्यम यांनी घाईने दुर्बीण फिरवायला सांगितलं. काळोखात धावताना कॅरोलिन बर्फावरून घसरली आणि दुर्बिणीच्या सांगाड्याचा लोखंडी आकडा तिच्या गुडघ्याच्या वर मांडीत घुसला. तिला सोडवताना मांसाचा लचका तुटला. ती वाचली आणि बरी होऊन पुन्हा कामाला लागली. तिने शोधलेल्या आठ धूमकेतूंपैकी एक २१ डिसेंबर १७८८ चा, एक ७ जानेवारी १७९० चा आणि एक १५ डिसेंबर १७९१ चा आहे. या तारखांकडे लोकांचं फारसं लक्ष जात नाही. उत्तरेकडच्या त्या हिवाळ्यात धूमकेतू शोधायचा म्हणजे रात्र रात्र उघड्यावर काढायची. एका रात्री हर्षल यांच्या दौतीतली शाई घरात गोठली, दुर्बिणीचा धातूचा आरसा तडकून दुभंगला, आणि पारा होता ११ फॅरनहाइटवर.

तारे स्वच्छ दिसतात त्याच रात्री शाई का गोठते, हाच सेलबोर्नच्या कोड्याचा गाभा होता. त्याचं उत्तर दिलं विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनच्या डॉक्टरने. ब्लॅकफ्रायर्स पुलापासून तीनेक मैलांवर, सरे परगण्यातली एक बाग त्याने निवडली. दहा ग्रेन, म्हणजे अर्ध्या ग्रॅमहून थोडी अधिक, पांढरी लोकर तो नेमकी तोलून घेई. तिचे पुंजके रात्री बागेत वेगवेगळ्या जागी ठेवी आणि पुन्हा तोलून कोणावर किती दव जमलं ते बघे. खांबांवर टेकवलेल्या फळीच्या वरच्या बाजूला ठेवलेल्या पुंजक्याने एका रात्री १४ ग्रेन दव घेतलं. फळीच्या खालच्या बाजूला बांधलेल्याने फक्त ४. हवा तीच, रात्र तीच. फरक एकच, की वरच्या पुंजक्याला आकाश उघडं होतं. गवतावर अर्धा फूट उंचीवर त्याने तलम रुमाल ताणून बांधला, तर खालचं गवत उघड्या गवतापेक्षा कित्येक अंश ऊबदार राहिलं.

वेल्सने निष्कर्ष काढला तो असा. रात्री जमीन, गवत, पानं आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतात. ढग असले तर ते गोधडीसारखे ती बरीच परत पाठवतात. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर ती निघून जाते, आणि पान भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. मग त्यावर दव साचतं किंवा गोठतं. माळी नाजूक रोपांवर पातळ चटई घालतात तेव्हा आपण मनात हसायचो, एवढ्याशा चटईने थंडी कशी अडणार, असं वाटायचं, हे वेल्सने मोकळेपणाने लिहिलं. चटई रोपाला आकाशापासून झाकते, हे माळ्यांना अनुभवाने ठाऊक होतं. त्याचं ‘दवावरचा निबंध’ हे छोटं पुस्तक १८१४ मध्ये निघालं. आता सेलबोर्नच्या रात्रीचा अर्थ लागतो. उताराची जमीन गार झाली, तिला लागलेली हवा गार आणि जड होऊन खाली उतरली आणि हँगरच्या पायथ्याशी, व्हाइट यांच्या बागेत साचून राहिली. न्यूटन त्या थराच्या वर राहिलं.

वेल्सने आपल्या पुस्तकात भारतातल्या बर्फाचाही विचार केला आहे. अलाहाबाद आणि कोलकात्याकडे कारागीर हिवाळ्यात बर्फ धरत. त्याची रीत रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली होती. उघड्या मैदानात दोन फूट खोल चौकोनी खड्डा, त्यात उसाच्या किंवा मक्याच्या वाळक्या ताटांचा जाड थर, त्यावर मातीची उथळ, बिनझिलईची भांडी. तिन्हीसांजेला त्यांत उकळून निववलेलं पाणी ओतायचं आणि पहाटे सूर्योदयाआधी बर्फ गोळा करायचा. हवा गोठणबिंदूला पोचलेली नसतानाही पाणी गोठे. हे कारागीर निरभ्र रात्र ओळखून खड्डे भरत. पुस्तकात सिद्धान्त आला तेव्हा त्यांचा धंदा चालूच होता.

पुण्याचाही या इतिहासात मोठा वाटा आहे. भारतीय हवामान खात्याचा शेती-हवामानशास्त्राचा विभाग १९३२ मध्ये पुण्यात सुरू झाला, डॉ. एल. ए. रामदास यांच्या देखरेखीखाली. त्याच वर्षी रामदास आणि एस. आत्मनाथन यांनी जमिनीलगतच्या तापमानावर निबंध प्रसिद्ध केला. निरभ्र, निवांत रात्री उघड्या जमिनीवर सर्वांत गार थर अगदी मातीला चिकटून नसतो, तो काही सेंटिमीटर ते हातभर उंचीवर असतो, असं त्यांना आढळलं. पाठ्यपुस्तकं याच्या विरुद्ध सांगत होती, म्हणून जगभरच्या अनेक शास्त्रज्ञांनी बराच काळ यावर विश्वास ठेवला नाही. मोजमापातच चूक असणार, असं म्हटलं गेलं. पुढे इतरांनाही तेच दिसलं आणि आज हा थर ‘रामदास थर’ म्हणून ओळखला जातो. व्हाइट यांनी न्यूटनच्या आकड्यावर अविश्वास दाखवला होता, पण लगेच यंत्र पाठवून खात्रीही करून घेतली होती. रामदासांच्या वाट्याला असा शेजारी फार उशिरा आला.

महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत दर हिवाळ्यात दोन बातम्या हटकून येतात. महाबळेश्वरला वेण्णा तलाव आणि लिंगमळा भागात दवबिंदू गोठले, ही पहिली. गाड्यांच्या टपांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो, आणि त्याच पहाटे वर गावात पारा काही अंश अधिक असतो. दुसरी निफाडची. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा घसरला की नाशिक जिल्ह्यातले द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबकने पाणी सोडतात, कारण गारठ्याने मण्यांची फुगवण थांबते आणि मणी तडकतात. सेलबोर्नच्या लॉरेलला जे झालं, त्याची कारणं इथेही तीच आहेत: निरभ्र आकाश, पडलेला वारा आणि सखल जागा.

म्हणूनच केंद्राचा एक आकडा सगळ्या तालुक्याला पुरत नाही. ओढ्याकाठची बाग आणि माळावरची बाग यांच्यात एकाच पहाटे काही अंशांचा फरक पडू शकतो, आणि तो ज्याची बाग त्यालाच मोजावा लागतो. येत्या डिसेंबरात दोन साधे थर्मामीटर घ्या, आधी ते शेजारी शेजारी ठेवून आकडे जुळतात का ते पडताळा, मग एक सखल कोपऱ्यात आणि एक उंचावर टांगा. तारीख, वेळ, दोन्ही पारे, वारा आणि आकाशाची स्थिती एवढं रोज वहीत लिहा, आणि ती वही पुढच्या हिवाळ्यापर्यंत जपून ठेवा.